पावलांचा नकाशा

बंगळुरात सप्टेंबरचा पाऊस चारच्या पुढे येतो. सकाळी स्वच्छ ऊन असतं, दोरीवरचे कपडे दुपारपर्यंत कडकडीत वाळतात, आणि शाळा सुटायच्या सुमाराला एका बाजूने आभाळ काळं होत येतं. मी शिकवत होते तेव्हा पोरांचा शेवटचा तास खिडकीकडे बघण्यातच जायचा. अजूनही या दिवसांत चार वाजले की माझं लक्ष आपोआप बाहेर जातं.

परवा असाच पाऊस चालू असताना शेजारची मंजुळा आली. बनशंकरीत आमच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर. पंचविशीची मुलगी, प्राथमिक शाळेत नुकतीच लागलेली. हातात वही होती.

"आजी, आम्हाला शिकवायची साधनं करून आणायला सांगितलीत. पुठ्ठा आणि चकचकीत कागद आणून मी केली, पण पोरं एकदा बघतात आणि सोडून देतात. तुम्ही काय करायचात?"

मी सांगत गेले. खराट्याच्या काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांध, म्हणजे हातचा पोरांना खरोखर हातात धरता येतो. वजाबाकीत दहा सुटे करायचे म्हणजे जुडीचा दोरा सोडायचा. चिंचोका मधोमध फोडला की एक अंग काळं, एक पांढरं. असे पाच फेकायला लाव. काळे किती, पांढरे किती, एवढंच विचार; पाचाच्या सगळ्या बेरजा पोरं खेळता खेळता करतात. अक्षरं चिंध्यांची शिव. उभा दंड गोणपाटाचा, वळणं मऊ कापडाची. डोळे मिटून बोट फिरवलं की कुठून सुरू करायचं ते बोटाला कळतं. करवंट्या, वाळू, मोजायला एकच जुना पेला. मंजुळा भराभर लिहून घेत होती.

मग तिनं विचारलं, "आणि परिसराचा धडा? तो फार कोरडा होतो हो."

"उद्या ये," मी म्हटलं. "पाऊस थांबलाय, तू निघ आता."

पाऊस थांबला नव्हता. ती जरा चमकून माझ्याकडे बघत गेली.

परिसर शिकवायचं एक साधन माझ्याकडे होतं, आणि मी केलेल्या सगळ्यांत ते चांगलं होतं. पण ते सांगायचं म्हणजे त्या सप्टेंबरात मी काय केलं तेही सांगायला हवं. माणूस आपली चूक गाळून गोष्ट सांगायला फार लवकर शिकतो. म्हणून म्हटलं, आधी ती कागदावर उतरवावी आणि मग मंजुळाला सांगावी.

साल पासष्ट. माझं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. माझे यजमान माधवराव एका सरकारी कारखान्यात यंत्रांची मोजमापं तपासण्याच्या कामावर होते. कारखान्याची वसाहत भरलेली, म्हणून आम्ही येलहंक्याच्या जुन्या गावात दोन खोल्या घेतल्या होत्या. मी नाशिकची. कानडीतले मला तेव्हा दोनच शब्द येत होते, दूधवाल्याला सांगायचा 'स्वल्प' आणि सगळ्यांनाच सांगायचा 'सरी'. थोडं आणि बरं. एवढ्यावर दीड वर्ष निभावलं.

गावात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं होती. शिंपी, दुकानदार, कचेरीत कारकून. त्यांनी मिळून दोन खोल्यांची एक शाळा चालवली होती, चौथीपर्यंत. मुख्याध्यापक हणमंतराव, साठीला आलेले, मृदू स्वभावाचे. पहिली-दुसरी तुळसाक्कांकडे. तिसरी-चौथी माझ्याकडे.

तुळसाक्का तेव्हा पंचेचाळीसच्या असतील. लहानपणीच वैधव्य आलेलं, भावाकडे राहायच्या. भावाला सगळं गाव अण्णा म्हणायचं. त्याचं शिवणाचं दुकान होतं. त्यांची मराठी ऐकून पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं. बाई असून त्या "मी येतो", "मी सांगतो" म्हणायच्या आणि मधेच कानडी शब्द घालायच्या. आठवड्याभरात माझं हसू गेलं. कारण ही बाई काय शिकवते ते मी बघितलं. वर मंजुळाला सांगितलेली सगळी साधनं तुळसाक्कांची आहेत. चिंध्यांची अक्षरं त्यांनी अण्णाच्या दुकानातल्या कपट्यांतून शिवली होती आणि एका पत्र्याच्या ट्रंकेत अकारविल्हे लावून ठेवली होती. माझ्या वर्गात काही अडलं की त्या दारात येऊन उभ्या राहायच्या.

"सुमती, फळा स्वल्प राहू दे गं. हातात दे काहीतरी त्यांच्या."

चौथीला 'आपला परिसर' हा धडा होता. शाळेत नकाशा म्हणावा असा एकच, भारताचा, मधोमध घडीवर फाटलेला. पुस्तकातल्या चित्रात एक नदी, एक डोंगर, एक देऊळ. आमच्या गावात नदीही नव्हती आणि डोंगरही नव्हता. तेव्हा मी ठरवलं की पोरांनी स्वतःचं गाव मोजायचं.

अण्णाने कपडे बेतायचा खाकी कागद दिला. चार ताव कणकेच्या खळीने जोडले. प्रत्येक मुलाच्या उजव्या मुठीत मावतील तेवढे चिंचोके. शाळेच्या दारातून चालायला लागायचं आणि दहा पावलं झाली की एक चिंचोका डाव्या मुठीत. पोचल्यावर डावी मूठ उघडून मोजायची. पोरं तोंडात आकडे पुटपुटत रस्त्याने चालायची, मधे कुणी हाक मारली तरी मान वर करायची नाहीत. तलावापर्यंत किती, देवळापर्यंत किती, रेल्वेच्या फाटकापर्यंत किती. मग दहा पावलांना एक बोट, असं कागदावर मांडायचं. तलावाला कपड्यांची नीळ, शेतांना हळद, रुळांना कोळसा. घरं म्हणून काडेपेट्या चिकटवल्या. ज्याचं घर त्याने त्यावर आपलं नाव लिहायचं.

चौथीत पद्मा नावाची मुलगी होती, गणितात कच्ची, बेरीज आली की रडायची. तिने रेल्वेच्या फाटकापर्यंतचा आकडा तीन दिवस तीनदा मोजून आणला, कारण तिन्ही वेळा तो वेगळा आला होता. "बाई, यातला खरा कुठला?" तिने विचारलं. इतका चांगला प्रश्न मला त्या वर्षी दुसऱ्या कुणी विचारला नाही. आम्ही तिन्हींचा मध्य काढला. सरासरी हा शब्द पुस्तकात पुढच्या इयत्तेत होता.

घरीही माझं तेच चाललेलं असायचं. एका संध्याकाळी मी माधवरावांना म्हटलं, "अहो, तुमच्या कारखान्याच्या फाटकापासून बसच्या थांब्यापर्यंत किती पावलं होतात? उद्या मोजून याल का? पोरांना मोठ्या माणसाची पावलं दाखवायची आहेत."

ते हसले नाहीत. "बघू," म्हणाले आणि वर्तमानपत्र वर धरलं.

तेव्हा सीमेवर लढाई चालू होती. आमच्यापासून ती हजारावर मैल लांब, पण गावाच्या अंगात ती शिरली होती. घरांच्या काचांना काळे कागद, मोटारींचे अर्धे दिवे रंगवलेले. विमानाचा आवाज आला की बायका पोरांना आत ओढायच्या, मग ते आपलंच आहे म्हणून परत बाहेर सोडायच्या. आणि माणसं एकमेकांकडे वेगळं बघायला लागली होती. बांगड्या विकायला येणारा माणूस आमच्या गल्लीत कितीतरी वर्षं येत होता. त्या महिन्यात कुणीतरी त्याला विचारलं, तुझं मूळ गाव कुठलं? त्यानं सांगितलं, तर दुसऱ्याने विचारलं, मग इकडे कशाला येतोस? तो नंतर आलाच नाही, आणि न आल्यामुळे लोकांची खात्री पटली. स्टेशनाजवळ एकजण पक्षी बघत उभा होता म्हणे, त्याला चार जणांनी घेरलं. रोज एक नवी बातमी. ती सांगणाऱ्याने स्वतः काही बघितलेलं नसायचं.

तुळसाक्का मला एकदा व्हरांड्यात म्हणाल्या, "सुमती, थोडे दिवस पावलं नको गं. पोरं कवड्या मोजू देत, बिया मोजू देत. लढाई संपली की मग मोज की गाव."

"धड्यात आहे, अक्का. सरकारी पुस्तकातला धडा आहे."

"मला माहीत आहे. गावाला माहीत नाही."

मी ऐकलं नाही. चोवीस वर्षांची होते आणि भिंतीवरचा तो नकाशा मला फार आवडायचा. सकाळी वर्गात शिरल्यावर पहिली नजर तिकडेच जायची.

पुढच्या सोमवारी पोलिसांचा दफेदार शाळेत आला. साधाच माणूस, डोक्यावरची टोपी मांडीवर घेऊन हणमंतरावांसमोर बसला. मला बोलावलं. हणमंतराव मधे बसून त्याचं कानडी मला मराठीत सांगत होते.

"ते विचारतात, पोरांना रेल्वेच्या फाटकापर्यंत पावलं मोजायला कोणी लावलं?"

"मी."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"पुस्तकात आहे."

पुस्तक आणून दाखवलं. दफेदाराला मराठी वाचता येत नव्हतं. त्याने चित्रातला डोंगर बघितला आणि पुस्तक परत दिलं. माझं नाव, माहेरचं गाव, यजमानांचं नाव, ते कुठे काम करतात, नाशिकहून कुणाची पत्रं येतात, सगळं लिहून घेतलं. मग म्हणाला, नकाशाही बघावा लागेल. त्याच्या आवाजात दरडावणी अशी नव्हती.

संध्याकाळी शाळा सुटली तेव्हा पावसाला सुरुवात झाली होती. पोरांना वाटेला लावून मी कुलूप लावायला परत फिरले होते. पुढे रस्त्याने तुळसाक्का छत्री धरून जात होत्या. त्यांच्या पदराखाली काहीतरी लांबट होतं, आणि वाऱ्याने पदर उडाला तेव्हा खाकी कागदाचं टोक दिसलं. त्यावर निळीचा रंग होता. आमचा तलाव. त्या घराच्या बाजूला वळल्या नाहीत. पोलीस चौकीच्या बाजूला वळल्या.

मी वर्गात जाऊन बघितलं. भिंत रिकामी होती.

घरी येऊन मी माधवरावांना सगळं सांगितलं. दफेदाराचं ऐकून त्यांचा चेहरा उतरला. "तू तो नकाशा कुणाकुणाला दाखवलास? नाशिकला पत्रात काही लिहिलंस का त्याबद्दल? आठवून सांग." त्यांनी ते इतक्या वेळा विचारलं की मीच आठवायला लागले, आपण खरंच काही लिहिलंय का. संशयाचं हे मला तेव्हा कळलं. समोरच्याने दहा वेळा विचारलं की आपल्यालाही आपली खात्री राहत नाही.

"तुळसाक्कांनी कळवलंय," मी म्हटलं. "त्यांना माझं हे पहिल्यापासून पसंत नव्हतं. मी डोळ्यांनी बघितलं त्यांना नकाशा घेऊन चौकीकडे जाताना."

माधवरावांनी ताटातला भात कालवला आणि तसाच ठेवला.

"असेल," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्यात, हणमंतरावांसमोर, प्रार्थनेला उभ्या असलेल्या सगळ्या पोरांसमोर, मी विचारलं, "अक्का, काल तुमच्या पदराखाली काय होतं?"

"नकाशा."

"कुठे नेलात?"

"दफेदाराकडे."

"म्हणजे तुम्हीच कळवलंत."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. हणमंतराव काहीतरी बोलायला गेले तर त्यांनी हात वर करून त्यांना थांबवलं. मग म्हणाल्या, "सरी."

तेवढंच. मी त्याचा अर्थ 'हो' असा घेतला. कानडीत तो शब्द 'बरं' म्हणायलाही वापरतात, 'बरोबर' म्हणायलाही, आणि 'आता पुरे, राहू दे' म्हणायलाही. मला तेव्हा एवढी कानडी येत नव्हती.

त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलले नाही. दोन खोल्यांच्या शाळेत न बोलणं किती अवघड असतं ते सांगता येणार नाही. पाण्याचा माठ एक, घंटा एक, खडूंचा डबा एक. त्या व्हरांड्यात असल्या की मी आत थांबायची. मला त्यांच्या प्रत्येक गोष्टीत हेतू दिसायला लागला. माझ्या वर्गाच्या दारात त्या उभ्या राहायच्या, ती पाळत होती. पोरांना त्या घरचं विचारायच्या, ती माहिती काढणं होतं. ज्या बाईने मला शिकवायला शिकवलं, तिचं आदल्या दीड वर्षाचं वागणं मी एकेक करून उलटं वाचलं, आणि उलटं वाचलं तरी ते नीट जुळत होतं. याची मला आजही भीती वाटते.

पंधरा दिवसांनी दफेदाराने नकाशा परत आणून दिला. सुतळीने नीट बांधलेला, एकही काडेपेटी दबलेली नव्हती. "पोरांनी छान केलंय," तो हणमंतरावांना म्हणाला. चौकशी संपली होती. मी गुंडाळी कपाटावर टाकली.

"बाई, आपण चूक केली का?" पद्माने विचारलं.

"पुस्तक उघडा," मी म्हटलं. "दिशा चार आहेत. लिहा."

दसऱ्याची सुट्टी झाली. इकडच्या रीतीप्रमाणे गावातल्या घराघरांत पायऱ्या मांडून बाहुल्या लागल्या, त्या बघायला मला कुठून बोलावणं आलं नाही, किंवा आलं असेल तर माझ्यापर्यंत पोचलं नाही. मला त्यातही तुळसाक्कांचा हात दिसला. सुट्टीनंतर त्या शाळेत आल्या नाहीत. "मान दुखते म्हणते," हणमंतराव म्हणाले आणि माझ्याकडे न बघता पहिली-दुसरीचा हजेरीपट माझ्यापुढे ठेवला. पंधरा वर्षं त्या बाईने त्या खोलीत शिकवलं होतं. मला थोडं चुकल्यासारखं वाटलं, पण जास्त करून सुटल्यासारखं वाटलं. खोटं कशाला सांगू?

माझी नात आता सर्जापूर रोडला एका उंच इमारतीत राहते. मी तिच्याकडे गेले की फाटकावरचा माणूस माझा फोटो काढतो, नाव विचारतो, वर विचारून मगच आत सोडतो. मी दहा वर्षं जातेय, तो दर वेळी तितक्याच नम्रपणे काढतो. नात म्हणते, आजी, तो सगळ्यांचाच काढतो, त्यात वाईट काय वाटून घ्यायचं? खरं आहे. सगळ्यांवर सारखाच असलेला संशय टोचत नाही. तो एकाच माणसावर येऊन बसला की त्याचं वजन कळतं. ते मी दोन्ही बाजूंनी अनुभवलं. माझ्यावर होता ते पंधरा दिवस, आणि मी धरला ती चार वर्षं.

चार वर्षं. मधल्या काळात मला मुलगी झाली, कानडी बऱ्यापैकी यायला लागली, आणि मी पुस्तकातून शिकवणारी चांगली, शांत बाई झाले. वर्गाबाहेर पोरांना नेलं नाही. कुणी विचारायला नको, कुणाला वाटायला नको. चौथीचा परिसराचा धडा दोन तासांत उरकायचा. चार दिशा, एक नदी, एक डोंगर. पोरं पाठ करायची आणि पास व्हायची.

एकोणसत्तरच्या सप्टेंबरात एक दिवस माधवराव लवकर घरी आले. पाऊस यायचा होता. मी भाजी निवडत होते, मुलगी जमिनीवर खडूने रेघा मारत बसली होती. ते तिच्याकडे बघत उभे राहिले.

"आज माझ्या हाताखालच्या एका माणसाची चौकशी झाली," ते म्हणाले. "कुणीतरी काहीतरी कळवलं म्हणे. काही निघालं नाही. पण मला त्याच्या तोंडाकडे बघवेना."

मी भाजी निवडत राहिले.

"सुमती, त्या वेळी तुळसाक्कांनी नव्हतं कळवलं."

माझे हात थांबले. "मग कोणी?"

"मी साहेबांना नुसतं विचारलं होतं. म्हटलं, बायको शाळेत असं असं करते, त्यात अडचण तर नाही ना. उद्या दुसऱ्या कुणाकडून कानावर जाण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं, असं वाटलं. त्यांनी ते पुढे कळवलं."

"तुम्हाला माझा संशय होता?"

"नाही."

"मग विचारलंत कशाला?"

ते खाली बसले. माझ्या नवऱ्याला खोटं बोलायची सवय नव्हती, आणि जे एक बोलले होते ते चार वर्षं त्यांच्या अंगावर दिसत होतं. मला तो थकवा वाटायचा.

"होता," ते म्हणाले. "एक दिवस होता. तू मला कारखान्याच्या फाटकापासूनची पावलं विचारलीस ना, त्या दिवशी."

"आणि मी अक्कांचं नाव घेतलं तेव्हा?"

"तेव्हा मी 'असेल' म्हटलं."

त्यांच्यावर ओरडावं असं मला वाटलं, पण तो हक्क मला नव्हता. कारण त्यांचा संशय एक दिवसाचा होता. माझा चार वर्षांचा होता.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी अण्णाच्या दुकानात गेले. मागच्या ओसरीवर तुळसाक्का शर्टाची काजं करत बसल्या होत्या. केस बरेच पांढरे झाले होते. मला बघून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"बस की," म्हणाल्या.

मी उभ्यानेच सांगितलं, माधवराव काय बोलले ते सगळं. त्यांनी एक काज पुरं केलं.

"मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"तुझ्या आधीपासून. दफेदार शाळेत यायच्या आधी इथं आला. पोलिसांचे कपडे अण्णाच शिवतो. मला विचारलं, ही बाई कशी? निरोप तिच्या यजमानांच्या कारखान्यातनं आलाय म्हणाला. मी म्हटलं, चांगली आहे, माझ्याबरोबर शिकवते, तिची हमी मी देतो. तो म्हणाला, नकाशा तर बघावा लागेल. म्हटलं, तू गणवेशात वर्गात येऊन पोरांसमोर भिंतीवरनं काढू नको. मी आणून देतो."

"मग त्या दिवशी मला का नाही सांगितलंत? सगळ्यांसमोर विचारलं मी तुम्हाला."

"काय सांगू? तुझ्या घरातनंच आलंय म्हणून?" त्यांनी दोरा दातांनी तोडला. "कानडी येत नव्हती तुला. माहेर दोन दिवसांच्या वाटेवर. या गावात तुझं एकच घर होतं, त्याच्यावरचा विश्वास गेला असता तर तू बसली असतीस कुठं? माझ्यावर राग धरलास तर मला अण्णा होता, वहिनी होती, सगळं गाव होतं."

मला रडू आलं. त्यांनी मला गप्प केलं नाही की जवळही घेतलं नाही.

"मी काय देवी नाही, सुमती. राग आला होता मला. माझ्या पोरांसमोर विचारलंस तू. वर्षभर अण्णाने तुझं नाव काढलं तर मी उठून आत जायचो."

"शाळेत परत या, अक्का."

"नाही. आता जमायचं नाही. डोळे थकले, मनही थकलं." त्यांनी पुढचं काज धरलं. "ते राहू दे. पोरांना घेऊन परत गाव मोजलंस का?"

"नाही."

"एकदाही?"

"नाही. भीती वाटली."

सुई कापडात अर्धी राहिली. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि चार वर्षांपूर्वी व्हरांड्यात बघितलं होतं त्यापेक्षा ही नजर मला सहन होईना.

"मग मी उगीच गप्प बसलो," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर माधवरावांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आमचा संसार पुढे चांगला झाला. पण त्या दिवसापासून मी त्यांना काही विचारलं की ते आधी थोडं थांबायचे आणि मग पुरं उत्तर द्यायचे, आणि ते थांबणं आम्हा दोघांना ऐकू यायचं.

पुढच्या आठवड्यात मी चौथीच्या पोरांना घेऊन बाहेर पडले. हणमंतरावांना आधी सांगितलं, चौकीवर जाऊनही सांगून आले. भीती गेली नव्हती, ती बरोबर घेऊनच चालले होते. देवळाच्या मागच्या आळीत ओट्यावर एक म्हातारा बसला होता. पोरं पुटपुटत चालली आहेत हे बघून तो काठी टेकत उठला आणि रस्त्यात आडवा आला.

"काय मोजताय?" त्याने कानडीत विचारलं. "कोणी सांगितलं मोजायला?"

मी म्हटलं, "मी सांगितलं. मी यांची शिक्षिका. गाव मोजतोय आम्ही, कागदावर मांडायला."

त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पोरांच्या मुठी बघितल्या. मग संशयानेच विचारलं, "सगळं गाव? मग माझ्या घरामागची विहीर का सोडली?"

विहीर आहे हेच आम्हाला माहीत नव्हतं. त्याने बोळातून वाट दाखवली, पोरं मागोमाग गेली. एका लहानखुऱ्या मुलीने काठावर पोचून एकोणचाळीस पावलं सांगितली. म्हाताऱ्याचा विश्वास बसेना. तो परत ओट्यापर्यंत गेला, काठी बगलेत धरून स्वतः चालत आला, आणि तेहतीसच भरतात म्हणाला.

"तुझी पावलं लहान आहेत," तो तिला म्हणाला.

"तुमची मोठी आहेत," ती म्हणाली. आणि यातला खरा आकडा कुठला ते मी सांगावं म्हणून दोघंही माझ्याकडे बघत उभे राहिले.